लाईन ॲरे की स्टँडवरचे टॉप? गावच्या कार्यक्रमाला काय ठरवायचं

आमच्या बेळगाव-खानापूर भागात गणपती असो, सप्ता असो नाहीतर कडोली-येळ्ळूरसारखं साहित्य संमेलन, साऊंडवाल्याला पहिला प्रश्न हाच, "लाईन ॲरे हाय न्हवं?" म्हणजे एकाखाली एक जोडून टांगलेले स्पीकर बॉक्स. ते टांगलेले दिसले की मंडळाला बरं वाटतंय. पण तीनचारशे माणसं आणि भाषण-भजन असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दोन चांगले टॉप, म्हणजे साधे मुख्य स्पीकर, उंच स्टँडवर आणि मागं डिलेची, म्हणजे आवाज जरा उशिरा सोडणारी, एक जोडी घ्या.

साध्या टॉपचा आवाज उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डीबी (आवाज मोजायचं माप, डेसिबल) पडतो आणि लाईन ॲरेचा ३, हे सगळे सांगतात, आणि खोटं नाही ते, पण लाईन लांब असेल तरच, तेही ठराविक अंतरापर्यंतच. चार छोटे बॉक्स मिळून लांबी होते मीटरभर, आणि ३४० हर्ट्झच्या आवाजाची लाटच साधारण १ मीटरची, मग त्याच्या खालचा आवाज ती लाईन आवरणार कशी? तो चारी बाजूला पसरतो, माईकमध्ये परत शिरतो आणि घुमायला लागतो.

आमच्या गावात असंच झालं. चार बॉक्स सरळ एका रेषेत टांगलेले, कुठला बॉक्स किती वाकवायचा तो अँगल काढलाच नव्हता, वरचे दोन बॉक्स माणसांच्या डोक्यावरनं नारळाच्या झाडांना भाषण ऐकवत होते. शेवटच्या सतरंजीवर एक आजी पदर कानामागं सारून वक्त्याच्या ओठाकडं बघत बसलेली, आणि पुढच्या पोरांनी कानावर हात ठेवलेले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन टॉप तीन मीटर उंचीवर चढवून मागच्या रांगेकडं वाकवले आणि २० मीटरवर आणखी दोन बारके लावले. आवाजाला १ मीटर जायला सुमारे ३ मिलीसेकंद लागतात, म्हणजे २० मीटरला ५८, त्यात थोडे वाढवून आम्ही मागच्या जोडीला ७० चा डिले टाकला, मग मागच्यांनाही आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं आणि शब्द दुहेरी होत नाहीत. आजीनं पदर सोडला तेव्हा मला खरंच लई बरं वाटलं.

पत्र्याच्या मंगल कार्यालयात मात्र मी कॉलम स्पीकर, म्हणजे खांबासारखा उभा बारीक स्पीकर, बघेन, त्याचा आवाज वरखाली कमी फाकतो, पत्र्यावर कमी आदळतो. बेसचा बॉक्स फक्त ऑर्केस्ट्राला, आणि दोन असतील तर मध्ये एकत्र ठेवा, भाषणाला तो बंदच ठेवा.

हजारोंची गर्दी आणि मोठं मैदान असेल तर लाईन ॲरेच घ्या की, पण एकेका बाजूला आठ-बारा बॉक्स, ते वर चढवायला चेन हॉईस्ट (साखळीची कप्पी) आणि अँगल काढणारा जाणता माणूस असेल तरच. डिलेचा आणखी एक फायदा म्हणजे पुढचा आवाज कमी ठेवता येतो, रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डीबीची आहे आणि रात्री १० नंतर तर एरवी उघड्यावर स्पीकर बंदच, त्यामुळं शेजारच्यांचाही विचार यात आला. साऊंडवाल्याशी बोलताना वॅट विचारत बसू नका, शेवटची रांग किती मीटरवर आहे ते आधी टेपनं मोजून त्याला सांगा.