गिटारला चपडा की पीयू?

मालवणहून भाच्याचा फोन आला. फणसाच्या फळीतून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापून झाली, 320 नंबरचा पॉलिश पेपरही मारून झाला. आता अडलंय ते फिनिशवर: चपड्याचं (म्हणजे लाखेचं) बोळ्याने चोळायचं फ्रेंच पॉलिश की हार्डनर मिसळून कडक होणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन?

आवाजाची काळजी सोड, बाळा. तारांखालचा चुंबकाचा पिकअप तारेची थरथर पकडतो, पॉलिशची नाही.

खर्चात चपडा स्वस्त. चपडा, स्पिरिट आणि मलमलचा बोळा, झालं. पीयूला फवारणीची गन, कॉम्प्रेसर आणि चांगला रेस्पिरेटर हवा. हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

खरा प्रश्न आपल्या हवेचा. मी एकदा ऐन आषाढात चपडा लावला. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. तासाभरात कडेपासून मधोमधपर्यंत दुधाळ ढग पसरला, सगळं खरवडावं लागलं. पीयूलाही ओल सोसत नाही, बुडबुडे येतात. त्यामुळे काहीही लाव, पण दिवाळीनंतरच.

घामाला पीयू दाद देत नाही. चपडा मनगटाखाली हळूहळू मऊ पडतो. पण ओरखडा आला तर चपड्याचा नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूचा जोड दिसतो.

दशावताराच्या रात्रीसारखे घामाघूम कार्यक्रम करणार असशील, तर पीयू, तेही गनवाल्या सुताराकडून. घरीच वाजवायची, पहिलीच गिटार, हाताने शिकायचंय, तर चपडा. तुला मी चपडाच सांगेन.