डब्याचं पत्रक: स्वतःबद्दल लिहावं की गिऱ्हाइकाबद्दल?

जून आला की बडोद्यात रावपुऱ्यातल्या माझ्या डीटीपीच्या टेबलावर डब्यांची पत्रकं यायला लागतात. युनिव्हर्सिटीचे प्रवेश सुरू झालेले असतात, बाहेरगावची मुलं फतेगंज-प्रतापगंजकडे खोल्या शोधत असतात आणि दांडियाबाजारातल्या काकू-वहिनी हातानं लिहिलेला मजकूर घेऊन येतात. तुम्हीही यंदा डबे सुरू करणार असाल, तर मजकूर छापायला टाकण्याआधी हे दोन नमुने शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकाच घरचे आहेत. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी आधी पहिलं पत्रक छापलं आणि पुढच्या वर्षी दुसरं.

पहिल्यावर गणपतीखाली जाड अक्षरांत होतं: ‘22 वर्षांचा स्वयंपाकाचा अनुभव. शुद्ध, सात्त्विक, घरगुती महाराष्ट्रीय भोजन. उत्तम दर्जा हीच आमची ओळख. आपल्या सेवेस सदैव तत्पर.’ मग नाव, पत्ता, फोन.

दुसऱ्यावर: ‘फतेगंज, प्रतापगंज. रात्रीचा डबा साडेसातला दारात. 4 पोळ्या, भाजी, आमटी, भात. आमटीत गूळ नको असेल तर सांगा. रविवारी रात्रीही डबा आहे. गावी जाणार असाल तर आदल्या रात्री कळवा, तेवढ्या दिवसांचे पैसे धरणार नाही. आधी एक डबा खाऊन बघा, मग महिन्याचं ठरवा.’

पहिल्यात एक अक्षर खोटं नाही. काकूंच्या हाताला खरंच चव आहे. पण तोच मजकूर गल्लीतल्या कुठल्याही मेसच्या नावाखाली छापला तरी खपून जाईल. दुसरा दुसऱ्या कुणाच्या नावाखाली जाणार नाही, कारण त्यातली प्रत्येक ओळ कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ते प्रश्न आले एका वहीतून. फोनजवळ दुधाच्या हिशेबाची वही असायची. तिच्या मागच्या पानांवर काकू आलेला प्रत्येक फोन टिपून ठेवायच्या, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. ‘दाल मीठी तो नहीं होगी ना?’ ‘रविवारी रात्री काय करायचं?’ ‘घरी गेलो तर पैसे कापणार का?’ ‘पोळ्या मोजून की पोटभर?’ रविवारचा प्रश्न तर पानापानावर होता, कारण त्या रात्री बऱ्याच मेस बंद असतात आणि मुलं सेव-उसळ खाऊन झोपतात. अनुभव किती वर्षांचा, हे एकाही मुलानं विचारलेलं नव्हतं.

आयांनी मात्र विचारलं होतं. जळगाव-धुळ्याकडून फोन यायचे: ‘स्वयंपाक कोण करतं? घरात कोणकोण असतं? माझ्या मुलीला डबा आणून कोण देणार?’ या बाईला काकूंची 22 वर्षं हवी आहेत, घर कुठे आहे ते हवं आहे, अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांकसुद्धा हवा आहे. म्हणून पहिलं पत्रक मी फेकू दिलं नाही. ‘सदैव तत्पर’ वगैरे काढून टाकलं आणि उरलेलं काकू आता आयांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. स्वतःबद्दल सांगणं चूक नाही, समोरच्यानं विचारलं असेल तेव्हा ते सांगावं. सराफाकडे किंवा वैद्याकडे जाताना आपणही आधी माणूस कोण ते बघतोच.

आता खर्चाचं. पहिलं पत्रक पाळायला काहीच लागत नाही, म्हणूनच ते लिहायला सोपं वाटतं. दुसरं पाळावं लागतं. काकूंची रविवारची संध्याकाळ गेली. जाऊबाईंना पोळ्यांसाठी बोलवावं लागलं, साडेसात गाठायला सायकलवाला मुलगा ठेवावा लागला. त्यामुळे जेवढं जमेल तेवढंच छापा. रविवार जमणार नसेल तर ‘रविवारी फक्त सकाळी’ असं स्पष्ट लिहा. मुलं तेवढ्यावरही येतात, पण फसवलं गेलं असं वाटलं की तोंडही दाखवत नाहीत.

भाषेचाही विचार करा. आपण मराठी म्हणून पत्रक मराठीत, हाही स्वतःकडे बघूनच घेतलेला निर्णय असतो. दुसरं पत्रक आम्ही गुजराती आणि हिंदीतही काढलं. मराठी काढलं ते मराठी मुलांसाठी, आणि त्यात ‘वरण-भात-तूप-लिंबू’ घातलं. घरापासून लांब आलेल्या मुलाला ते चार शब्द काय करतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हा विचार बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह केवढा मोठा आहे हे प्रजेला सांगत बसण्याऐवजी पुस्तकं पेट्यांत भरून गावोगाव पाठवायची व्यवस्था झाली. बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले. वाचणारा कोण, तो कुठे राहतो, त्याची अडचण काय, इथून सुरुवात होती. याच्या उलट उदाहरण मार्केटिंगचे अमेरिकन अभ्यासक थिओडोर लेव्हिट यांनी 1960 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत दिलं होतं: अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या स्वतःला रेल्वेवाले समजत राहिल्या, लोकांना इकडून तिकडे पोहोचवणं हा आपला धंदा आहे हे विसरल्या, आणि प्रवासी मोटारी-विमानांकडे गेले.

तर निवड करायची झाली तर माझं मत दुसऱ्या पत्रकाच्या बाजूनं आहे. अजून एकही फोन आलेला नसेल आणि वही कोरी असेल, तर घाईनं 1000 प्रती काढू नका. 50 झेरॉक्स काढा, होस्टेलच्या फाटकाशी उभं राहून स्वतः वाटा आणि मुलं काय विचारतात ते तिथल्या तिथे टिपून घ्या. छपाई त्यानंतर करू, मी थांबते.

काकूंची वही अजून फोनजवळच आहे. परवा गेले तेव्हा शेवटची नोंद होती: ‘परीक्षेच्या दिवसांत सकाळी आठला डबा मिळेल का?’ त्यापुढे काकूंनी पेन्सिलीनं लिहिलंय: ‘पोळ्या पहाटे. जाऊबाईंना विचारणे.’