‘लाँग कोल्ड विंटर’ की ‘हार्टब्रेक स्टेशन’: सिंड्रेलाचा ब्लूज कोणत्या अल्बमपासून ऐकावा?

फिलाडेल्फियाच्या सिंड्रेला या रॉक बँडला ‘नाइट साँग्ज’ (१९८६) या पहिल्या अल्बमवरून ज्यांनी फुगवलेल्या केसांच्या आणि झगमगीत कपड्यांच्या रांगेत बसवून टाकले, त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण नाही. त्या अल्बमचे मुखपृष्ठ पाहिल्यावर दुसरे काही वाटणे कठीणच आहे. मात्र गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार टॉम कीफर याच्या मनात मुरलेला ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांतून आलेले संगीत, पुढच्या दोन अल्बमांत उघडपणे बाहेर आला, आणि त्या दोहोंपैकी आधी कोणता घ्यावा हा प्रश्न ग्लॅम मेटल (तोच झगमगीत, कर्कश रॉक) आवडणाऱ्यांना आणि ब्लूज आवडणाऱ्यांना सारखाच पडतो. मलाही तो पडला होता. आज दोन्ही एलपी (मोठ्या तबकड्या) माझ्या कपाटात आहेत, पण त्यांतली एकच वारंवार बाहेर निघते.

लोकमताचा कौल १९८८ च्या ‘लाँग कोल्ड विंटर’च्या बाजूने आहे, आणि तो अकारण नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रियतेच्या यादीत हा अल्बम दहाव्या क्रमांकापर्यंत गेला, तर १९९० चा ‘हार्टब्रेक स्टेशन’ एकोणिसाव्यावर थांबला. पहिल्यातील ‘डोन्ट नो व्हॉट यू गॉट’ हे संथ गीत बाराव्या क्रमांकावर पोहोचले. दुसऱ्यातील ‘शेल्टर मी’ला छत्तिसाव्यापुढे सरकता आले नाही. ‘जिप्सी रोड’ हे गाणे तर मोटारीत लावण्यासाठीच रचले असावे असे वाटते. बॉन जोवी किंवा डेफ लेपर्ड यांसारखे रॉक बँड ऐकत जो वाढला आहे, त्याला या अल्बमात परके काहीच वाटणार नाही, आणि ब्लूज त्याच्यापर्यंत ओळखीच्या दारातून येईल. शीर्षकगीत म्हणजे पाच मिनिटांहून लांब, अस्सल विलंबित ब्लूज आहे. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची छाया त्यावर स्पष्ट दिसते, पण कीफरचा खरखरीत, टिपेला जाऊन फाटणारा आवाज त्या छायेखाली दबत नाही.

माझी अडचण या अल्बमच्या पहिल्याच गाण्यापासून सुरू होते. ‘बॅड सीमस्ट्रेस ब्लूज’ या नावाचा छोटासा प्रारंभ आहे: स्लाइड गिटार, हार्मोनिका आणि अगदी जवळ बसून गाणारा माणूस. तारेवरून घसरत जाणारा स्वर आपल्याकडच्या मींडेची आठवण करून देतो, आणि दोन स्वरांमधली शांतताही ऐकू येते. मग ‘फॉलिन अपार्ट ॲट द सीम्स’ सुरू होते, ड्रम येतात आणि त्या खोलीचे एकदम स्टेडियम होते. स्नेअरच्या (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) प्रत्येक ठोक्यामागे ऐंशीच्या दशकातला तो प्रचंड घुमारा आहे. तो विरतो न विरतो तोच पुढचा ठोका पडतो. वेगवान गाण्यांत हे खपून जाते. विलंबित ब्लूजमध्ये मात्र गिटारच्या वाक्यानंतरची मोकळी जागा ही त्या वाक्याइतकीच महत्त्वाची असते, आणि नेमकी तीच जागा हा घुमारा भरून टाकतो. शीर्षकगीत ऐकताना मला दर वेळी असे वाटते की गवय्याने श्वास घेण्यासाठी थांबावे आणि साथीदाराने तेवढ्यात बोलून घ्यावे.

दोष वादकांचा म्हणता येणार नाही. या ध्वनिमुद्रणात कोझी पॉवेल आणि डेनी कार्मासी यांच्यासारख्या मुरलेल्या ड्रमवादकांचा हातभार होता. निर्मात्यांपैकी अँडी जॉन्स तर लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमचा ध्वनिमुद्रक, ज्याने हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडून, वर मायक्रोफोन टांगून, तो सुप्रसिद्ध घुमारा पकडला होता. तो घुमारा त्या वास्तूचा होता. इथला माझ्या कानाला मागाहून चढवलेला वाटतो. कदाचित त्या काळच्या रेडिओची ती मागणीच असेल.

याबाबत माझ्यापाशी मोजमाप काही नाही, एक घरगुती अनुभव आहे. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ असल्यामुळे रात्री दहानंतर मला फार हळू आवाजात ऐकावे लागते. त्या आवाजात ‘लाँग कोल्ड विंटर’मधली गिटार मागे जाते आणि स्नेअर तेवढी उरते, त्यामुळे हात सतत आवाजाच्या बटणाकडे जातो. ‘हार्टब्रेक स्टेशन’ लावला की मी खुर्चीतून उठत नाही.

त्या अल्बमात ड्रम कोरडे आहेत आणि इतर वाद्यांच्या ओळीत बसून वाजतात. कीफरने जॉन जॅन्सन याच्यासह निर्मिती केली, आणि ऐकताना जाणवते की घाई कोणालाच नव्हती. ‘शेल्टर मी’मध्ये ब्रास वाद्ये आणि गॉस्पेलच्या (चर्चमधल्या भक्तिगीतांच्या) वळणाचा कोरस आहे, ‘वन फॉर रॉक अँड रोल’ कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकी ग्रामीण गाण्याच्या, अंगाने जाते, ‘डेड मॅन्स रोड’ हळूहळू, धुळीच्या रस्त्यावरून चालल्यासारखे पुढे सरकते. शीर्षकगीतातील तंतुवाद्यांची रचना जॉन पॉल जोन्सची, म्हणजे पुन्हा लेड झेपेलिनचाच माणूस. पण इथे ती तंतुवाद्ये ॲकूस्टिक गिटारला झाकत नाहीत, तिच्या मागे उभी राहतात. कीफरही इथे किंचाळणे आवरून शब्द उच्चारतो, आणि तो आवाज किती लवचिक होता हे त्यामुळेच कळते.

या अल्बमच्या बाजूने सगळेच बोलण्याजोगे आहे असे नाही. रोलिंग स्टोन्सचे ऋण काही ठिकाणी इतके ठळक आहे की मूळच का ऐकू नये, असा प्रश्न रास्त ठरतो. ‘लव्हज गॉट मी डूइंग टाइम’मधला फंक, म्हणजे नाचऱ्या तालाचा बाज, मला ओढूनताणून आणलेला वाटतो, आणि अकरा गाण्यांतली दोन सहज वगळता आली असती. ‘कमिंग होम’सारखे मोकळे, आल्हाददायक गाणे मात्र ‘लाँग कोल्ड विंटर’मध्येच आहे, ते इथे असते तर माझा निर्णय फार लवकर झाला असता.

तेव्हा ज्यांना मोठा आवाज, मोठे कोरस आणि त्यांत मिसळलेला ब्लूज हवा आहे, त्यांनी ‘लाँग कोल्ड विंटर’ घेतला तर मी त्यांना अडवणार नाही. प्रवासात, मोटारीच्या स्पीकरवर त्यांचीच निवड योग्य ठरण्याचा संभव आहे. परंतु घरी, एकट्याने, सलग ऐकणार असाल आणि पैसे एकाच एलपीवर घालायचे असतील, तर मी ‘हार्टब्रेक स्टेशन’ पुढे करीन. दुसरी एलपी मीही विकलेली नाही. कधीतरी ती लावतो, स्लाइड गिटारचा तो प्रारंभ ऐकतो आणि ड्रम येण्याआधी सुई उचलून ठेवतो.