अफगाणिस्तानातील सोव्हिएत युद्ध समजावणारा भिंतीवरचा नकाशा

सोव्हिएत फौजांच्या अफगाणिस्तानातील हस्तक्षेपाविषयी वाचताना खिंडींची आणि खोऱ्यांची नावे सतत येतात, पण ती एकमेकांपासून किती दूर आहेत आणि मध्ये केवढे डोंगर उभे आहेत, हे नुसत्या मजकुरातून कळत नाही. डोंगरांचे चढउतार छायांकनाने दाखवणारा हा भिंतीवरचा नकाशा मी त्यासाठीच मागवला, आणि त्या कामी तो उत्तम उतरला आहे.

२५ डिसेंबर १९७९ रोजी सोव्हिएत सैन्याने तेर्मेझपाशी सीमेवरची आमू दर्या नदी ओलांडली. त्याच सुमारास काबूल आणि बग्राम येथे विमानांतून तुकड्या उतरत होत्या, आणि दोनच दिवसांनी काबूलमधील ताजबेग राजवाड्यावरील हल्ल्यात अफगाणिस्तानचे सत्ताधीश हफिझुल्ला अमीन मारले गेले. राजधानी अशी झटपट हाती आली, तरी पुढे सुमारे एक लाख सैनिकांसाठी लागणाऱ्या इंधनाचा आणि दारूगोळ्याचा मोठा भाग हिंदुकुशातील सालंग बोगद्यातूनच न्यावा लागे. सोव्हिएत मदतीने बांधलेला आणि १९६४ मध्ये खुला झालेला हा बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. त्या रस्त्यावरून बोट दक्षिणेकडे नेले, की पंजशीरचे खोरे ईशान्येकडून येऊन त्याच रस्त्याच्या जवळ उघडते. सोव्हिएत फौजांशी लढणारे मुजाहिदीन सेनानी अहमद शाह मसूद यांच्या या खोऱ्यावर पुन्हापुन्हा मोठ्या मोहिमा का काढाव्या लागल्या, याचे उत्तर इथे एका नजरेत मिळते. देशाच्या आग्नेय भागातील गर्देझ ते खोस्त हा रस्ताही असाच पाहण्याजोगा आहे. १९८७च्या अखेरीस मोठे सैन्य लावून तो मोकळा केला गेला आणि थोड्याच काळात पुन्हा बंद पडला.

उणिवा मात्र आहेत. खिंडींची नावे फार बारीक अक्षरांत छापली आहेत, आणि पंजशीरमधील छायांकन इतके गडद आहे की रस्ता त्यात हरवतो. शिवाय प्रांतांच्या सीमा आजच्या आहेत. पंजशीर २००४ मध्ये स्वतंत्र प्रांत झाला, हे माहीत नसलेल्या वाचकाचा गोंधळ उडू शकतो. आमू दर्यावरील ज्या हैरतान पुलावरून १५ फेब्रुवारी १९८९ रोजी सोव्हिएत फौजांचे सेनापती जनरल बोरिस ग्रोमोव्ह शेवटी परतले, त्या पुलाची साधी खूणही नाही, ही चूक मला अक्षम्य वाटते.

कागद जाड आहे आणि घडीवर फाटत नाही. इतिहासाच्या शिक्षकांनी तो अवश्य घ्यावा, मात्र मोठ्या आकाराचाच. लहान आकारात सालंगचा रस्ता जेमतेम दिसतो.