मियाटाचा क्लच: स्लेव्ह सिलिंडर गेलेला, बिल मात्र गिअरबॉक्स उतरवल्याचं

गाडी १९९६ची माझदा मियाटा, १.८ लिटर इंजिनाची, कॅलिफोर्नियातली. तक्रार एवढीच: पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना खरखरतो आणि क्लचचं पेडल तळाला टेकतं. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं गाडी फिरवली आणि निदान केलं, "क्लच प्लेट गेली." मग बिल आलं. त्यात क्लच किट, गिअरबॉक्स उतरवण्याची सहा तासांची मजुरी आणि अगदी शेवटी स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर. प्रत्यक्षात काम झालं होतं ते फक्त त्या शेवटच्या ओळीचं.

क्लच दोन तऱ्हांनी बिघडतो आणि दोन्हींची लक्षणं एकमेकांच्या उलट असतात. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला तर आरपीएम चढतो, वेग वाढत नाही. हायड्रॉलिक्स, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून मास्टर सिलिंडरकडून स्लेव्हपर्यंत नेणारी व्यवस्था, गेलं की क्लच सुटत नाही, पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. तेव्हा इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू केलं की अडतात. या गाडीत पेडल चार-पाच वेळा भराभर मारलं की गिअर पडायचा. याचा अर्थ लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठेतरी गळती. झिजलेली प्लेट पेडल मारून थोडीच बरी होते!

तपासायला अर्धा तास पुरतो. बॉनेट उघडून क्लचच्या ब्रेक ऑइलची छोटी टाकी पाहा. पातळी खाली असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर जातंय, आणि रंग काळा असेल तर सिलिंडरची रबर सील झिजतेय. मग आत, पेडलच्या वर जिथे मास्टर सिलिंडरचा दांडा इंजिनाकडच्या भिंतीत शिरतो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गेला. स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला बाहेरूनच दोन बोल्टांवर बसतो. गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका), त्याचं रबर बूट मागे सरकवा. आतून ऑइल ओघळलं की निकाल लागला.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू क्लच लागायला लागतो? मास्टर आतल्या आत दाब सोडतोय. पेडल दाबलं की स्लेव्हकडे जाणारी लवचीक नळी फुगत असेल तर नळी बदला. कुणाला तरी पूर्ण पेडल दाबायला सांगून स्लेव्हचा दांडा किती सरकतो ते मोजा. साधारण १२ मिलिमीटर सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच क्लचच्या आतल्या भागांचा, म्हणजे फोर्क, बेअरिंग किंवा प्रेशर प्लेटचा संशय घ्यायचा. तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं रास्त आहे, त्याआधी नाही.

आता बिल. त्यात २०० मिमीची क्लच प्लेट लिहिली होती. ती १.६ लिटर इंजिनाची, १९९४पासूनच्या १.८ला २१५ मिमीची लागते. शिवाय मियाटाचा गिअरबॉक्स काढायचा तर प्रॉपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारी लांब ॲल्युमिनियमची फ्रेम सोडावीच लागते. इथे तिच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा गंज आणि चिखल जसाच्या तसा. पाना लागल्याची एक चकाकती कड नाही. बिलात गिअरबॉक्स ऑइलही नाही, जे शाफ्ट काढल्यावर मागून सांडतंच. चोरीसुद्धा धड अभ्यास करून केलेली नव्हती.

स्लेव्ह बदलायला १२ मिमीचा पाना, लाइनसाठी १० मिमीचा आणि हवा काढायला ८ मिमीचा लागतो. ब्लीडरला, म्हणजे स्लेव्हवरच्या हवा काढायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने ब्लीडर उघडून बंद करायचा, त्यानंतरच पेडल वर घ्यायचं, गरज पडली तर हाताने. टाकी मध्येच रिकामी झाली तर हवा पुन्हा शिरते. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल वापरा. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुना मास्टरही त्याच वेळी बदललेला बरा, कारण नव्या स्लेव्हने पूर्ण दाब मिळू लागला की दमलेली सील बरेचदा थोड्याच दिवसांत हार मानते.

कॅलिफोर्नियात काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक देणं गॅरेजवर बंधनकारक आहे. काम सोपवतानाच मागितले तर काढलेले भाग परत द्यावे लागतात. नव्याच्या बदल्यात किंवा वॉरंटीत कंपनीकडे परत जाणारे भाग निदान दाखवावे तरी लागतात. नंतर मागून उपयोग नाही, "भंगारात गेले" हे उत्तर तयार असतं, आणि या गाडीच्या बाबतीत तेच मिळालं. म्हणून सहीच्या वरच एक ओळ लिहून घ्या: जुनी क्लच प्लेट आणि स्लेव्ह सिलिंडर परत हवेत. वाद झालाच तर बिल, अंदाजपत्रक आणि त्या गंजलेल्या बोल्टांचे फोटो जोडून राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे तक्रार करा. फोटो मात्र गाडी धुण्याआधी काढा.