घट्ट पाण्यासाठी स्टार्चची भुकटी की गमची? एम. एस. असणाऱ्यांसाठी एक तुलना

मल्टिपल स्क्लेरोसिस (एम. एस.) या मज्जासंस्थेच्या आजारात गिळण्याचा त्रास सुरू झाला, तपासणी झाली आणि बोलण्या-गिळण्यावर उपचार करणाऱ्या स्पीच थेरपिस्टने पातळ पेये श्वासनलिकेत उतरू नयेत म्हणून घट्ट करून प्यायला सांगितली की, त्यानंतरचा एक निर्णय बहुधा आपला आपल्यालाच घ्यावा लागतो. पेय किती दाट हवे हे थेरपिस्ट ठरवून देतात. ते कशाने दाट करायचे, याविषयी मात्र “जे जमेल ते वापरा” एवढेच पुष्कळदा ऐकायला मिळते. बाजारात मुख्यतः दोन जातींच्या भुकट्या आहेत. एक प्रक्रिया केलेल्या स्टार्चची, बहुधा मक्याच्या. दुसरी झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाची. मी दोन्ही वापरल्या आहेत आणि आता एकीवरच स्थिरावलो आहे. तरीही दुसरीच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही, असे मी म्हणणार नाही.

पेय घट्ट करण्याची गरज प्रत्येकालाच असते असे नाही. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, घोट लहान ठेवणे, थकवा चढण्यापूर्वी जेवून घेणे एवढ्यावर अनेकांचे भागते. ज्यांचे भागत नाही त्यांच्यासाठी हे लेखन आहे. आपण कोणत्या गटात मोडतो हे मात्र ठसक्यावरून ठरवू नये. या आजारात घशाची संवेदनाही मंदावू शकते आणि तसे झाल्यास पाणी श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही. क्ष-किरणांखाली गिळण्याचे चित्रण किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून केलेली पाहणी यांतूनच ते खात्रीने कळते.

दाटपणाच्या पायऱ्या आता बऱ्याच देशांत एकाच मापाने मोजल्या जातात. ‘इड्सी’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ० ते ७ अशा पायऱ्या असून त्यांपैकी ० ते ४ पेयांच्या आहेत. ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर पेय घेऊन ते १० सेकंद वाहू द्यायचे आणि मागे किती उरले ते पाहायचे. १ ते ४ मिलिलिटर उरले तर पहिली पायरी, ४ ते ८ उरले तर दुसरी, त्याहून अधिक उरले पण थोडे तरी वाहिले तर तिसरी. दोन्ही जातींच्या भुकट्यांनी या पायऱ्या गाठता येतात. त्यामुळे पेला नुकता तयार झालेला असताना दोघींत निवडण्यासारखे फारसे काही नसते. फरक पडतो तो पुढच्या अर्ध्या तासात.

माझ्या दृष्टीने सारा निकाल याच अर्ध्या तासात लागला. स्टार्च पाण्यात घातल्यावर फुगतो आणि पेला समोर असेपर्यंत फुगतच राहतो. ढवळल्यानंतर सांगितलेला वेळ थांबून पहिला घोट घेतला की तो अगदी हवा तसा, सरसरीत असतो. पण एम. एस. असणारा माणूस पेला एका दमात संपवत नाही. एक घोट, मग थोडी विश्रांती, मग गिळल्यानंतर पुन्हा एकदा कोरडे गिळणे, मध्येच कोणी बोलायला आले तर पेला खाली ठेवून आधी बोलणे, कारण दोन्ही एकाच वेळी करायचे नाही असा दंडक असतो. या रीतीने पेला निम्मा होईपर्यंत उरलेले पेय आळून येते आणि तळाशी पोहोचेपर्यंत त्यात चमचा उभा राहू लागतो. पेय गरम असेल तर निवता निवता ते आणखी दाट होते. मग वरून थोडे पाणी घालावे, तर किती घालावे याचा अंदाज राहत नाही आणि थेरपिस्टने काळजीपूर्वक ठरवून दिलेली पायरी आपल्याच हाताने बिघडते. दाट झालेला घोट घशात अधिक रेंगाळतो, तो खाली ढकलायला अधिक जोर लागतो, आणि दिवस कलताना नेमका तो जोरच उरलेला नसतो. उन्हाळ्यात किंवा अंगात ताप असताना तर विचारूच नका. सकाळी ही कटकट वाटते, संध्याकाळी तिचा धोका होतो, निदान मला तरी तसे जाणवले.

गमच्या भुकटीत हा प्रकार जवळजवळ होत नाही. एकदा पेय जमले की ते तसेच राहते. गरम असो, कोमट असो वा थंड, फरक नगण्य असतो. सकाळी कोणी तांब्याभर पाणी करून झाकून फ्रिजमध्ये ठेवले तरी दुपारी ते तसेच मिळते. मी हे सिरिंज लावून रोज मोजत बसत नाही. चमचा तिरपा केल्यावर पाणी ज्या संथपणे उतरते, त्यावरून आता मला कळते. माझी नजर म्हणजे तपासणी नव्हे, हे मान्य आहे. पण शेवटच्या घोटाची धास्ती गेली, एवढे मी निश्चित सांगू शकतो.

स्टार्चची दुसरी अडचण याच्या उलट दिशेची आहे, आणि ती तोंडात घडते. लाळेतील अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्चचे तुकडे करू लागते आणि दाट घोट तोंडातच पातळ होऊ लागतो. ज्याचे गिळणे लगेच सुरू होते त्याच्या बाबतीत एवढा वेळच मिळत नसल्याने फारसे बिघडत नाही. आमच्यापैकी अनेकांना मात्र घोट जिभेवर धरून गिळण्याची वाट पाहावी लागते. शिवाय चमच्याने पीत असलो तर दर खेपेला थोडी लाळ पेल्यातही जाते. म्हणजे पेला एकीकडे आळतो आहे आणि दुसरीकडे लाळेने सैल होतो आहे, अशा अवस्थेत नेमके काय गिळले जात आहे याचा भरवसा कोणी द्यायचा? झँथन गमवर अमायलेजची मात्रा चालत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या आजारात विशेष महत्त्वाची आहे, तरी तिची चर्चा कमी होते. बद्धकोष्ठ हा एम. एस.चा नेहमीचा सोबती, आणि त्यावर पाण्यात कालवून घेण्याचे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे म्हणजे मॅक्रोगॉलचे औषध बरेचजण घेतात. हे औषध स्टार्चने घट्ट केलेल्या पाण्यात मिसळले तर पाणी पुन्हा पातळ होऊ शकते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये याविषयी स्पष्ट इशारा दिला होता. हे औषध घेणाऱ्याने भुकटी निवडण्यापूर्वी डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याशी बोलावेच.

आता गमचे दोष. पहिला म्हणजे तोंडातला बुळबुळीतपणा. स्टार्चचे पाणी पिठूळ, गढूळ आणि किंचित चवीचे लागते. गमचे पाणी स्वच्छ दिसते, पण जिभेवरून सटकते, आणि ती घसरण काहींना अजिबात सोसत नाही. मला ती अंगवळणी पडली, सर्वांना पडेलच असे नाही. दुसरा दोष ढवळण्याचा आहे. गमची भुकटी पाण्यात हळूहळू सोडत जोरात आणि सलग ढवळावी लागते, नाहीतर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या धरतात व त्या पुढे काही केल्या मोडत नाहीत. ज्याचा हात कापतो त्याच्यासाठी हे काम सोपे नाही. झाकणाच्या बाटलीत हलवून किंवा घरच्यांकडून एकदमच जास्त पाणी करून घेऊन मी यातून वाट काढली. स्टार्च या बाबतीत बराच सोशिक आहे. दुधात गम जमायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. जमले नाही असे समजून वरून आणखी भुकटी टाकली की थोड्या वेळाने त्याची खळ होते. काहींना गमने पोटात वायू धरतो. आणि गमने घट्ट केलेल्या पेयाबरोबर गोळी घेतल्यास ती विरघळायला उशीर लागू शकतो. त्यामुळे गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या, हे औषधागणिक विचारून घ्यावे.

दोन्ही भुकट्यांची एक मर्यादा मात्र सारखीच आहे. घट्ट पाण्याने तहान भागल्यासारखे वाटत नाही, म्हणून माणूस कमी पितो, आणि कमी पाणी म्हणजे बद्धकोष्ठ व मूत्रमार्गाच्या तक्रारी वाढण्याची शक्यता. इथेही माझा कल गमकडेच झुकतो, कारण जे पाणी पाण्यासारखे दिसते ते माझ्याकडून थोडे अधिक प्यायले जाते. हे केवळ मनाचे असेल. प्यायले जाते हे खरे.

स्टार्च कोणी घ्यावा? ज्याचा पेला पटकन संपतो, ज्याला गमचा स्पर्शच नकोसा होतो, ज्याला चार कॅलरी अधिक गेल्या तर हव्याच आहेत आणि जो मॅक्रोगॉल घेत नाही, त्याला स्टार्चची भुकटी वाईट नाही. ती सहसा स्वस्तही पडते. मऊ केलेल्या जेवणात मिसळायला तर मी अजूनही तिला नाक मुरडत नाही, कारण तिथे आळण्याने काही बिघडत नाही. पेयांसाठी मात्र, विशेषतः सावकाश पिणाऱ्याने, आधी गम वापरून पाहावा असे मला वाटते. काही डब्यांत दोन्हींचे मिश्रण असते, तेव्हा नावावर न जाता घटकांची यादी वाचावी.

कोणतीही भुकटी कोरडी असताना तोंडात जाऊ देऊ नये. घशात फुगून तिने श्वास कोंडू शकतो, आणि अशा एका मृत्यूनंतर २०१५ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने डबे आवाक्याबाहेर ठेवण्याची सूचना काढली होती. एका जातीवरून दुसरीवर जाताना जुन्या डब्यातला मापाचा चमचा डब्याबरोबरच टाकून द्यावा. तेवढ्याच पाण्याला गम पुष्कळच कमी लागतो, आणि नव्या चमच्याने केलेला पहिला पेला शक्यतो थेरपिस्टसमोरच तपासून घ्यावा.