कॅमेऱ्यापासून तोडलेला स्ट्रोब: इनॉन झेड-३३०, बॅकस्कॅटर मिनी फ्लॅश आणि मधला नाजूक दुवा

पाण्याखाली फोटो काढताना स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) कॅमेऱ्याला जोडलेल्या हातांवरून (त्याला धरणाऱ्या दांड्यांवरून) काढून विषयाच्या मागे, बाजूला किंवा वर ठेवायचा, तर पहिला प्रश्न येतो तो कोणता दिवा घ्यायचा हा. प्रश्न चुकीचा नाही, फक्त क्रम उलटा आहे. आजचे बरे स्ट्रोब या कामाला पुरेसे आहेत. फसतं ते त्यांना वेळेवर पेटवणं. म्हणून दोन दिव्यांच्या या परीक्षणात निम्मी जागा ट्रिगरला, म्हणजे स्ट्रोबला पेटण्याचा इशारा देणाऱ्या दुव्यालाच गेली आहे.

जमिनीवरचे रेडिओ ट्रिगर इथे विसरा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात, त्यातही खाऱ्या पाण्यात, काही सेंटीमीटरांतच जिरून जातात. उरतो प्रकाश. तो एकतर फायबर ऑप्टिक केबलमधून न्यायचा, नाहीतर उघड्या पाण्यातून.

केबलचा भरवसा सगळ्यात जास्त. ऊन असो, सावली असो, मध्ये खांब असो, स्ट्रोब पेटतोच. पण पाच मीटर केबल हातात घेऊन पोहणं म्हणजे पतंगाचा गुंता पाण्यात नेणं. ती फिनला अडकते, गंजलेल्या पत्र्याच्या कडेला घासते, आणि जहाजाच्या अवशेषाच्या आत, जिथून सरळ वर जाता येत नाही, तिथे ती थेट धोका आहे. १ मिलिमीटरची एकतंतू प्लास्टिक केबल जास्त वाकवली की प्रकाश वाकणातून गळतो. ६१३ तंतूंची केबल घट्ट वळण सहन करते, म्हणून लांब जोडणीला तीच घ्यावी. मॅक्रोसाठी (छोट्या विषयांच्या जवळून काढलेल्या फोटोंसाठी), म्हणजे दीड-दोन मीटरच्या आत, केबल उत्तम. त्यापुढे नको.

उघड्या पाण्यातून ट्रिगर करायचं तर स्ट्रोबचा स्वतःचा स्लेव्ह सेन्सर (दुसरी चमक ओळखणारा डोळा) वापरता येतो. कॅमेऱ्यावरचा स्ट्रोब चमकला की दूरचा त्याला पाहून चमकतो. कागदावर सोपं. अडचण अशी की हा सेन्सर मुख्यतः केबलच्या टोकासाठी बनवलेला असतो, बाहेरची चमक पकडण्यासाठी नाही. त्याची जागा प्रत्येक मॉडेलवर वेगळी, आणि बॅकलाइटसाठी, म्हणजे विषयावर मागून प्रकाश टाकण्यासाठी, स्ट्रोब कॅमेऱ्याकडे वळवला की सेन्सर नेमका आडोशाला जाण्याची शक्यता मोठी. अंधाऱ्या बंदिस्त जागेत भिंतींवरून परतलेल्या प्रकाशावरही काम भागतं. उथळ, उन्हाच्या पाण्यात मात्र सेन्सर आधीच उजेडाने भरलेला असतो, आणि दीड मीटरवरूनही तो ढिम्म हलत नाही.

यावर एक स्वस्त तोडगा आहे. स्ट्रोबच्या सेन्सरला ४० सेंटीमीटर केबल लावायची आणि तिचं मोकळं टोक कॅमेऱ्याकडे रोखायचं. चालतं, पण मर्यादेत. प्लास्टिक तंतू हवेत साधारण ६० अंशांच्या शंकूतला प्रकाश आत घेतो. पाण्यात तोच शंकू ४५ अंशांच्या आसपास येतो. शिवाय टोकाचं क्षेत्रफळ टाचणीच्या डोक्याएवढं. अंधारात मीटर-दीड मीटर मिळालं तर समाधान मानावं.

खरं उत्तर म्हणजे वेगळा रिमोट ट्रिगर: लवचिक दांड्यावर बसवलेला संवेदनशील सेन्सर, मागे छोटं सर्किट, आणि तिथून स्ट्रोबला सिग्नल. दांडा कुठेही वळवता येतो, म्हणजे स्ट्रोबचं तोंड एकीकडे आणि ‘डोळा’ दुसरीकडे. घेताना दोन गोष्टी तपासा. सेन्सरच्या टोकाला सावली देणारी टोपी आहे का, आणि सर्किटला स्वतःची बॅटरी लागते का. लागत असेल तर ती डाइव्हच्या मधोमध संपते आणि दोष बिचाऱ्या स्ट्रोबला लागतो.

ट्रिगर बिघडला की नेमकं कुठे बिघडलं हे लक्षणांवरून कळतं. दूरचा स्ट्रोब डोळ्यांना चमकलेला दिसतो, पण फोटोत काळोख: हा प्री-फ्लॅशचा घोळ. कॅमेरा टीटीएलवर (चमकेची ताकद आपोआप ठरवण्याच्या पद्धतीवर) असल्याने आधी एक हलकी चमक सोडतो, दूरचा स्ट्रोब त्यालाच फसून पूर्ण ताकदीने पेटतो आणि खऱ्या क्षणी रिकामा असतो. उपाय म्हणजे कॅमेरा आणि सगळे स्ट्रोब मॅन्युअलवर. ऑफ-कॅमेरा कामात टीटीएलचा उपयोग असाही नाही. चमक दिसतच नसेल तर सेन्सरची दिशा किंवा ऊन. चमक फोटोत येते पण अपेक्षेपेक्षा कमी, तर शटर बघा: पूर्ण ताकदीची चमक काही मिलिसेकंद चालू शकते, त्यात साखळीचा थोडा उशीर, आणि १/२५० सेकंदाच्या शटरला तिची शेपटी कापली जाते. १/१२५ वर या. आणि कधी पेटतो, कधी नाही, असं होत असेल तर आजूबाजूला पाहा. दुसरा कोणी फोटो काढत असेल तर तुमचा स्ट्रोब इमानदारीने त्याच्याही प्रत्येक फोटोला चमकतोय आणि तुमच्या वेळी चार्ज होत बसलाय.

आता दिवे.

इनॉन झेड-३३० हा मोठ्या जागेचा दिवा. हवेतला गाइड नंबर (ताकदीचा आकडा; त्याला एफ-आकड्याने, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने, भागलं की मीटरमध्ये पल्ला मिळतो) ३३, डिफ्यूझरशिवाय (प्रकाश पसरवणाऱ्या चकतीशिवाय) ११० अंशांचा गोल पसारा, चार एए बॅटऱ्या, १०० मीटर खोलीची क्षमता. हे आकडे पाण्यात काय देतात ते बघू. पाण्यात गाइड नंबर ढोबळमानाने एक तृतीयांश धरायचा, म्हणजे ११. हा आयएसओ १०० चा (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता); आयएसओ ४०० ला तो दुप्पट, २२. एफ/८ वर पूर्ण ताकदीत २.७५ मीटर, अर्ध्या ताकदीत दोन मीटरला थोडं कमी. म्हणजे बुडालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये, इंजिनमागे, छोट्या गुहेच्या वळणाआड ठेवायला भरपूर. पण दहा मीटर मागे उभ्या राहिलेल्या डायव्हरमागून आख्खं दालन उजळेल अशी आशा असेल तर ती सोडा. एका स्ट्रोबकडून ते होत नाही, कुठल्याही.

११० अंशांचा पसारा कॅमेऱ्यावर वरदान, दूर ठेवल्यावर डोकेदुखी. प्रकाश नको तिथे सांडतो: लेन्सवर, तळाच्या वाळूवर, आणि मधल्या पाण्यावर. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट. समोरून मारलेल्या प्रकाशात गाळाचे कण ठिपके बनून दिसतात, पण हे कण प्रकाश मागे फेकण्यापेक्षा पुढे कितीतरी जास्त फेकतात. त्यामुळे स्ट्रोब कॅमेऱ्याकडे रोखला की ठिपक्यांऐवजी दिव्याभोवती दुधाळ धुकं येतं. स्वच्छ पाण्यात ते सुंदर, किरणांसारखं. गढूळ पाण्यात चित्र धुऊन टाकतं. म्हणून स्ट्रोबची काच लेन्सला कधीच थेट दिसू द्यायची नाही. ती खांबाआड, विषयाआड, दाराच्या चौकटीआड हवी. झेड-३३० ला प्रकाश अडवणारी शेड लावून ठेवावी. याची समोरची काच घुमटाकार, बाहेर आलेली आहे, त्यामुळे स्ट्रोब तोंडावर आडवा पडला की पहिला ओरखडा तिलाच. कॅमेऱ्यावर हा प्रश्न फारसा येत नाही, वाळूत ठेवलेल्या दिव्याला रोज येतो.

बॅकस्कॅटर मिनी फ्लॅश (बॅकस्कॅटर म्हणजे गाळाच्या कणांवरून परतून फोटोत येणारे ठिपके; पाण्याखालचा फोटोग्राफर ज्या गोष्टीला सर्वांत जास्त शिव्या देतो तेच नाव धारण करणारी कंपनी, हेही एक धाडसच) अगदी वेगळ्या कामाचा. छोटा, एका १८६५० सेलवर किंवा दोन सीआर१२३ए वर चालणारा, आणि ओएस-१ हा ऑप्टिकल स्नूट (प्रकाश अरुंद करणारी नळी) पुढे बसवला की प्रकाशाचा कडक कडांचा ठिपका देणारा. स्नूटमध्ये वेगवेगळ्या आकाराच्या छिद्रांच्या पट्ट्या आणि रंगीत फिल्टर सरकवता येतात. मॅक्रोत याला तोड नाही, कारण नेम धरायचा दिवा त्याच मार्गाने येतो: ठिपका समुद्री गोगलगायीच्या शिंगांवर पडतोय की शेपटीवर, हे शटर दाबण्याआधी दिसतं. ट्रायपॉडवर ठेवून ४५ ते ६० अंशांतून मागून मारला की गोगलगायीच्या पाठीवरचे पारदर्शक कल्ले आतून पेटल्यासारखे दिसतात आणि बाकी सगळं काळं. विषय मात्र जागेवर राहणारा हवा. समुद्री घोडा चालेल, समुद्रफूल चालेल, सतत हुंदडणारी कोळंबी नाही. रुंद दृश्याला हा दिवा अपुरा, तिथे त्याच्याकडून अपेक्षाच करू नये.

रंगीत जेलबद्दल (स्ट्रोबपुढे लावायच्या रंगीत फिल्टरबद्दल) एकच सूचना. लाल जेल लावून दोन मीटर मागे ठेवलेला स्ट्रोब लाल दिसत नाही, मळकट तपकिरी दिसतो. लाल रंग पाणी आधी खातं, आणि प्रकाशाला स्ट्रोब ते विषय, विषय ते कॅमेरा असा दोन्ही टप्प्यांचा हिशेब चुकवावा लागतो. निळा आणि हिरवा टिकतात. लालच हवा असेल तर सगळं मिळून मीटरभरात उरका.

दूरचा स्ट्रोब तळावर उभा करायच्या स्टँडसाठी तीन २० सेंटीमीटरचे हात, त्यांच्या टोकांचे १ इंची गोळे (सांधे) आणि तीन तोंडांचा क्लॅम्प पुरे. स्ट्रोब पाण्यात जवळपास वजनहीन होतो, त्यामुळे तळाच्या हलक्या हेलकाव्यानेही स्टँड चालू लागतो. मध्यभागी एक ते दीड किलो शिसं लटकवा. इथे एक चूक हमखास होते. ‘हे दीड किलो आहेच, मग कमरेच्या शिशाच्या पट्ट्यातलं दीड किलो काढू’ असा हिशेब करू नका. स्टँड तळावर ठेवला त्या क्षणी तुम्ही दीड किलोने हलके होऊन वर निघाल. स्वतःचं वजन पूर्ण ठेवा, स्टँड नेताना बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटात) थोडी हवा घ्या आणि ठेवता ठेवता ती सोडा. प्रवाळावर स्टँड टेकवायचा नाही, वाळूचा मोकळा तुकडा शोधायचा. आणि गोळ्यांवरच्या ओ-रिंगला (रबरी कड्याला) ग्रीस लावायचं नाही. बॅटरीच्या झाकणाची ओ-रिंग ग्रीस मागते, गोळ्याची पकड त्याने सुटते आणि हात हळूहळू खाली मान टाकतो.

लाल समुद्रातलं ‘थिसलगॉर्म’ हे या तंत्राचं जणू शाळेचं मैदान. १९४१ साली बुडालेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, तळ ३० मीटरच्या आसपास, आणि पोटात ट्रक व बीएसए मोटारसायकली. ट्रकच्या केबिनमध्ये झेड-३३० ठेवायचा तर क्रम असा. कॅमेऱ्यावरचे स्ट्रोब बंद करून आधी वरून झिरपणारा निळा उजेड बसवा: आयएसओ ४००, १/१२५, एफ/८ पासून सुरुवात. मग दूरचा स्ट्रोब अर्ध्या ताकदीवर, सीटच्या पायाशी, तोंड छताकडे. थेट खिडकीकडे नाही, छतावरून परतलेला प्रकाश मऊ येतो आणि काच लपते. ट्रिगरचा दांडा खिडकीच्या चौकटीतून बाहेर डोकावेल असा. मग कॅमेऱ्यावरचे दोन्ही स्ट्रोब १/८ ताकदीवर, फक्त बॉनेटचा गंज दिसण्याइतके. एवढ्या मंद चमकेला ट्रिगर दाद देत नसेल तर ताकद वाढवून पुढचा भाग जाळू नका. एक स्ट्रोब तसाच ठेवा आणि दुसरा १/२ वर नेऊन थेट सेन्सरच्या दिशेने, फ्रेमच्या बाहेरून वळवा.

स्ट्रोब ठेवताना ढवळलेला गाळ बसायला दोन-तीन मिनिटं लागतात. ती वाया नाहीत: तेवढ्यात रिकाम्या पाण्यात चाचणीचे दोन फोटो काढा आणि दूरच्या स्ट्रोबचा रेडी दिवा (चार्ज झाल्याची खूण) परत लागतो का ते बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, बघू द्या. बडी केबिनच्या बाजूला असतो, त्याला दिसतं, तुम्हाला नाही. ‘लागला’, ‘नाही लागला’ आणि ‘डावीकडे वळव’ या तीन खुणा वरच, बोटीवर ठरवा.

झेड-३३० च्या बॅटऱ्या: चार एकाच वयाच्या, एकत्र चार्ज केलेल्या निकेल मेटल हायड्राइड. अल्कलाइन घातल्या तर पूर्ण ताकदीनंतर पुन्हा चार्ज व्हायला इतका वेळ जातो की मासा निघून गेलेला असतो. आणि ऑफ-कॅमेरा स्ट्रोब बहुतेक वेळ अर्ध्याहून जास्त ताकदीवर असतो, शिवाय दुसऱ्यांच्या चमकांनाही उत्तर देतो, म्हणून तो कॅमेऱ्यावरच्या भावंडांच्या खूप आधी रिकामा होतो. नवा संच आधी त्याला, कॅमेऱ्यावरच्यांना नंतर.